थर्झा वेलबर्न आणि हद्दीचं टेकाड

थर्झा वेलबर्न आयुष्यात एकदाच हॅगडेलच्या खोऱ्याबाहेर सलग चार दिवस राहिली, आणि तेही पित्ताशय काढून घ्यायला. परत आल्यावर लोकांनी विचारलं, शहर कसं वाटलं? "सपाट," ती म्हणाली. त्यानंतर तिने शहराचा विषय काढला नाही, आणि शहरानेही तिचा काढला नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. बांधा आखूड आणि रुंद, वाऱ्यात उभं राहायला सोयीचा. आवाज असा, की तिने फाटकातून "बस" म्हटलं की पाऊण मैलावरचं कुत्रं बसायचं, आणि कधी कधी तिच्या शेजारी उभा असलेला पाहुणाही. लग्न तिने केलं नव्हतं. एकदा जमत आलं होतं. मुलगा खालच्या मैदानातला, गव्हाची शेती असलेला, सालस. पण तो म्हणाला, मेंढरं विकून ये. थर्झा म्हणाली, "गहू राखायला दोन माणसं कशाला? तो काय पळून जातो?" तिथेच बोलणी आटोपली. पुढे त्याने रीतसर दुसरीशी लग्न केलं आणि दर नाताळात थर्झाला कार्ड पाठवत राहिला. कार्डावर बहुधा मेंढरंच असत.

तिची मेंढरं म्हणजे एकशे चाळीस माद्या. काळी तोंडं, पांढरी नाकं, डाव्या पुठ्ठ्यावर लाल पट्टा. त्या हॅगडेलच्या वरच्या माळावर चरत. माळ सगळ्या खोऱ्याचा सामाईक. त्याला ना कुंपण ना गडगा. तरी एकाचा कळप दुसऱ्यात मिसळत नाही, कारण प्रत्येक कळपाला आपला तुकडा ठाऊक असतो. कोकरू आईच्या मागे हिंडून तो शिकतं, आणि मोठं झालं की आपल्या कोकराला शिकवतं. वेलबर्नांच्या माद्या अशा एकमेकींना शिकवत थर्झाच्या पणजोबांपासून एकाच पट्ट्यावर चरत आल्या होत्या. अशी मेंढी नव्या माळावर नेऊन सोडली तर ती थांबत नाही. चालत घरी येते, आणि येताना वाटेतल्या चार जणांचा भाजीपाला फस्त करून येते. म्हणून असा कळप द्यायचा तो जमिनीसकट. जमीन गेली की उरतो फक्त खाटीक. हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. राजधानीत कळायचं होतं.

तो पट्टा दोन टेकाडांच्या मधला. टेकाडाला इथे हाऊ म्हणतात. माळाच्या कण्यावर, आभाळाला पाठ लावून बसलेली ही दोन गोल थडगी: अलीकडचं ब्ली हाऊ आणि पुढे अर्ध्या मैलावर वेदर हाऊ. चारेक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं माणूस जाळलं, राख मडक्यात घातली आणि वर दगडमातीचा ढीग रचला. कोण माणूस, कसला पराक्रम, काही माहीत नाही. नाव गेलं, ढीग राहिला. बहुतेकांचं दोन्ही जातं, त्या मानाने बरंच म्हणायचं.

दीडशे वर्षांपूर्वी खोऱ्यात एक पाद्री होते. रविवारी ते प्रवचनात धनाच्या लोभावर तुटून पडत, आणि सोमवारी चार मजूर घेऊन माळावर सोनं शोधायला जात. ब्ली हाऊचा माथा त्यांनी उकरून काढला. आत एक मडकं निघालं आणि ओंजळभर जळकी हाडं. मडक्यात पाद्रीणबाईंनी नेचे लावले. वेदर हाऊची पाळी येण्याआधी पाद्रीबुवांची कंबर धरली, म्हणून ते वाचलं. तेव्हापासून ब्ली हाऊच्या माथ्यावर परातीएवढा नव्हे, चांगला गाडीभर खड्डा आहे, आणि वेदर हाऊच्या माथ्यावर एक बसका दगड, होता तसाच.

दोन खोऱ्यांच्या हद्दीचा कागद होता, पण जुन्या कागदांसारखाच तो जाणत्यांसाठी लिहिलेला होता. "ओढ्यापासून उभ्या दगडापर्यंत, दगडापासून हाऊपर्यंत." कोणत्या हाऊपर्यंत, हे लिहिणाऱ्याने लिहिलं नाही. त्याला माहीत होतं ना.

सप्टेंबरात एके सकाळी आल्विन मेड थर्झाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आल्विन पलीकडच्या ब्रॉकडेल खोऱ्याचा. तिथल्या माळावर चराईचा हक्क असलेल्यांचा चिटणीस. पंचावन्न वर्षांचा, नीटनेटका, मनाने वाईट नाही. फक्त फॉर्म भरण्यात तरबेज होता, आणि ज्याला जे येतं ते तो करतोच.

"थर्झा, आहेस का घरात?"

"नाही. ही तिची बहीण."

"तुला बहीण नाही."

"मग कशाला विचारतोस? बोल."

आल्विनने सांगितलं. ब्रॉकडेलचा माळ सरकारच्या एका योजनेत गेला होता. जुने चर बुजवायचे, पाणी अडवायचं, माळाची काळी भुसभुशीत माती ओली ठेवायची. वीस वर्षं त्यावर मेंढरू नाही.

"छान," थर्झा म्हणाली. "तुमच्या मेंढरांना तसंही चालायला आवडत नाही."

"ब्ली हाऊपर्यंतचा माळ गेलाय योजनेत."

"वेदर हाऊपर्यंतचा."

"ब्ली हाऊपर्यंतचा, थर्झा. आमच्याकडे तशी नोंद आहे."

"तुमच्याकडे काय नसतं? मागच्या साली खरूजसुद्धा होती."

"हसण्यावारी नेऊ नकोस. तीनशे एकरांचा पट्टा आहे. वसंत लागायच्या आत तुझी मेंढरं काढावी लागतील. मला आनंद होतोय असं समजू नकोस."

थर्झाने हातातली बादली खाली ठेवली. ती बादली क्वचितच खाली ठेवत असे.

"आल्विन, मी सात वर्षांची असताना मला वेदर हाऊवर उलटं धरून दगडावर डोकं टेकवलंय. तीनदा. हद्द माझ्या टाळूत आहे. तुझ्या फॉर्मात टाळूचा रकाना आहे का बघ."

ती म्हणत होती ते खरं होतं. पूर्वी दर सात-आठ वर्षांनी दोन्ही खोऱ्यांची माणसं मिळून हद्दीवरून चालत जात. प्रत्येक खुणेपाशी बरोबरच्या सगळ्यांत लहान पोराला पाय धरून उलटं करत, आणि त्याचं डोकं खुणेच्या दगडावर तीनदा टेकवत. हलकेच, पण विसरणार नाही इतपत. वर मनुका घातलेला गोड पाव देत. माणसं मरतात, कागद कुजतो, पण आपटलेलं पोर सत्तर वर्षं साक्ष देतं, असा त्यामागचा हिशेब. साठ वर्षांपूर्वीची फेरी शेवटची. पुढे नकाशे आले, आणि नकाशाला पाव द्यावा लागत नाही. त्या फेरीला गेलेल्यांपैकी आता एकटी थर्झाच उरली होती.

भांडण माळाच्या कोर्टात गेलं. हे कोर्ट ऑक्टोबरात पबच्या वरच्या खोलीत बसतं. खोऱ्यांतलीच तेरा माणसं पंच. बायबलावर हात ठेवून शपथ घेतात, आणि मग कुणी सामाईक गवतावर गाडी लावली, कुणी माळावरची माती उकरून बागेत नेली, याचा न्याय करतात. त्या वर्षी मुख्य पंच होता वॉल्टर आगर: चौऱ्याहत्तर वर्षांचा, कमरेचा खुबा बदललेला, आणि त्याची आठवण सगळ्यांना राहील असा चालणारा. दोन्ही खोऱ्यांनी आधीच मान्य केलं होतं की पंच म्हणतील ती हद्द. वकील लावायचा तर दोन्ही खोरी विकावी लागली असती.

थर्झाने उभी राहून साक्ष दिली. अर्ध्या मिनिटात संपली. "वेदर हाऊ. मला तिथे टेकवलं. बापाने पाय धरले होते." ती बसली. पंचांनी माना डोलावल्या, कारण बाप म्हणजे जॅबेझ वेलबर्न, आणि जॅबेझचं नाव खोऱ्यात अजून चालत होतं. धुक्यात कधीही न चुकलेला माणूस अशी त्याची ख्याती. डोळे बांधून सोडला तरी पायाखालच्या हेदरच्या झुडपांवरून कुठे आहोत ते सांगेल, असं म्हणत. खोऱ्यात आजही कुणी वाट चुकला की म्हणतात, "जॅबेझला विचारायचं होतंस." जॅबेझ जाऊन तीस वर्षं झाली, तरी.

मग आल्विन उठला. त्याच्या हातात काळ्या पुठ्ठ्याची छोटी वही होती.

"ही माझ्या आजोबांची रोजनिशी. रूबेन मेड. त्या फेरीला तेही होते, ब्रॉकडेलच्या बाजूने." त्याने चष्मा लावला. "'चौदा मे. दाट धुकं. बारा वाजता वेलबर्नच्या मुलीला ब्ली हाऊवर टेकवलं. चार वाजता घरी. मटणाचा रस्सा.'"

खाली पबमध्ये कुणीतरी नाणं टाकून गाण्यांचं यंत्र चालू केलं आणि ते बराच वेळ वाजत राहिलं.

"थर्झा?" वॉल्टर म्हणाला.

थर्झाच्या तोंडून उत्तर यायला उशीर झाला. ज्यांनी तिला जन्मापासून पाहिलं होतं त्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं.

"गुरुवारी सांगते," ती म्हणाली. "आणि इथे नाही. दहा वाजता सगळे ब्ली हाऊवर या."

"आत्ता सांगायला काय हरकत आहे?"

"वॉल्टर, तुझा खुबा बसवायला सहा महिने लागले. मला दोन दिवस दे."

जिन्यावरून उतरताना ब्रॉकडेलचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारी गार झाली." थर्झा त्याच्या दोनच पायऱ्या पुढे होती. वळून म्हणाली, "ऐकू येतं हो मला. पित्ताशय काढलंय, कान नाही."

दुपारी ती माळावर गेली. मेंढ्या पट्टाभर पांगल्या होत्या. हेदरचा जांभळा रंग उतरून तो तपकिरी झाला होता, आणि रानकोंबडे उडून उडून तिला "जा माघारी, जा माघारी" सुनावत होते. त्यांचं ओरडणंच तसं आहे. ते मालकालाही तेच म्हणतात.

रूबेन मेडने लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. तिला टेकवलं होतं ब्ली हाऊवरसुद्धा. आधी तिथेच.

त्या दिवशी धुकं असं होतं की बापाच्या कोटाचं टोक धरून चालावं लागत होतं. पुढे जॅबेझ, मागे रूबेन, मागे आणखी सात-आठ जण, आणि सगळ्यांना वाटत होतं की पुढच्याला वाट माहीत आहे. एक टेकाड लागलं. जॅबेझ म्हणाला, "वेदर हाऊ." तो म्हणाला म्हणजे वेदर हाऊच. थर्झाला उलटं केलं. डोकं टेकलं ते एका खड्ड्यातल्या दगडावर, आणि चहूकडे दिसली ती ओली माती. बाप पाव काढायला खिशात हात घालतो न घालतो तोच धुकं उठलं. कुणी पडदा ओढावा तसं. आणि पुढे अर्ध्या मैलावर वेदर हाऊ बसलेलं, स्वच्छ, सगळ्यांकडे बघत.

आपल्याच माळावर, हद्द पाहायला निघालेली, दोन्ही खोऱ्यांतली जाणती माणसं चुकीच्या थडग्यावर उभी होती. बाहेरख्याली निघाला असता एखादा, तरी खोऱ्याने पोटात घातलं असतं. हे घातलं नसतं. शेवटी जॅबेझने पाव परत खिशात टाकला आणि म्हणाला, "चला." वेदर हाऊवर जाऊन तिला पुन्हा उलटं केलं, पुन्हा तीनदा टेकवलं. मग पाव मिळाला. घरी येताना बाप म्हणाला, "धुकं होतं हे सांगायचं. वाट चुकलो हे नाही. आईलासुद्धा नाही. कबूल?" तिने कबूल म्हटलं, तोंडात पाव होता तरी. आणि साठ वर्षं ते पाळलं. खरं तर इतकं पाळलं, की पहिलं टेकवणं ती स्वतःही जवळजवळ विसरली होती.

आता बोलायचं तर बाप चुकला म्हणायचं. न बोलायचं तर मेंढ्या जाणार. जॅबेझ इथे असता तर खोटं बोलला असता, आणि सुरेख बोलला असता. थर्झाला खोटं बोलायचा सराव नव्हता. तशी गरजच पडली नव्हती कधी. लाल पट्ट्याची एक म्हातारी मेंढी जवळ येऊन तिच्याकडे बघत रवंथ करत राहिली.

"तुझं काय जातंय बघायला," थर्झा तिला म्हणाली, आणि मग आठवलं की सगळं तिचंच जात होतं.

गुरुवारी दहा वाजता ब्ली हाऊवर तेरा पंच, आल्विन, नोंदी लिहिणाऱ्या मिस हेस्लप आणि एक तरुण सरकारी बाई असे सगळे जमले. सरकारी बाई, मिस लॅथम, प्राचीन थडगी सांभाळणाऱ्या खात्याच्या. इतकी माणसं टेकाडावर जमणार म्हटल्यावर त्यांना वाटलं होतं की ही खणायला निघाली आहेत.

"एका वेळी एकच माणूस वर," त्या म्हणाल्या. "काठ्या खाली. आणि कृपा करून काहीही हलवू नका."

"तुम्ही दीडशे वर्षं आधी यायला हवं होतं बाई," वॉल्टर म्हणाला. "पाद्रीबुवांना सांगायला."

थर्झा वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. "रूबेनने लिहिलंय ते खरं आहे," ती म्हणाली. "मला इथे टेकवलं. माझा बाप वाट चुकला होता."

तेरापैकी निदान चौघांनी टोप्या काढल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"जॅबेझ?" वॉल्टर म्हणाला.

"जॅबेझ. आणि त्याच्या मागे रूबेन, आणि रूबेनच्या मागे तुझा काका, वॉल्टर. धुकं उठल्यावर कळलं. मग वेदर हाऊवर जाऊन मला परत टेकवलं. पाव तिथे मिळाला."

"हे परवा का नाही सांगितलंस?" आल्विन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "साठ वर्षांत का नाही सांगितलंस? आता वही निघाली तर आठवतंय होय? आणि माझे आजोबा वाट चुकायचे नाहीत."

"माझा बापही चुकायचा नाही. दोघं मिळून चुकले."

दोघा-तिघांना हसू आलं; त्यांनी ते खोकल्यात घातलं.

"पुढची ओळ वाच," थर्झा म्हणाली. "घरी किती वाजता?"

"चार."

"आणि इथे किती वाजता?"

"बारा," म्हणत आल्विनने वही मिटली. वॉल्टरने बोटांवर हिशेब केला. ब्ली हाऊवरून ब्रॉकडेल दीड तास. खुबा बदललेल्या माणसाला दोन. "चार तास काय करत होता रे तुझा आजा?" तो म्हणाला. "हेदर मोजत होता?"

"बसले असतील कुठे. डबा खात."

"मे महिन्यात? इथल्या वाऱ्यात?" थर्झा म्हणाली. "राहू दे. माझं ऐकू नका, वहीचंही ऐकू नका. मला दुसऱ्यांदा उलटं केलं तेव्हा समुद्र दिसला होता. आभाळ खाली आणि समुद्र वर. सात वर्षांची होते, वाटलं आता सांडणार. पहिल्यांदा केलं तेव्हा नुसती माती दिसली."

"समुद्र इथूनही दिसतो," आल्विन म्हणाला, आणि हात करून दाखवला. खरंच दिसत होता. पूर्वेला दोन डोंगरांच्या बेचक्यात करड्या फितीसारखा.

"दिसतो. उभ्या माणसाला. मला उभं केलं नव्हतं."

मग जे झालं त्याची नोंद कोर्टाच्या चारशे वर्षांच्या वह्यांत दुसरी नाही. वॉल्टर आगरने काठी मिस लॅथमकडे दिली, दोघा पंचांच्या आधाराने ब्ली हाऊच्या खड्ड्यात उतरला, कोट अंथरून पाठीवर पडला आणि दगडावरून डोकं मागे सोडलं. बाकीचे बारा खाली गोल करून उभे राहिले, अंत्ययात्रेला राहतात तसे.

"काय दिसतंय?" कुणीतरी विचारलं.

"माती. हेदरची मुळं." थोडं थांबून, "लेंड्या."

"समुद्र?"

"लेंड्यांच्या पलीकडे काही नाही."

एकेक करत तेराही जण खड्ड्यात पडून आले. मिस हेस्लपनी लिहिलं: तेरापैकी तेरा, माती. तिसऱ्या पंचापर्यंत मिस लॅथम काळजीने बघत होत्या. आठव्यापासून त्या माणसांना उठवायला हात देऊ लागल्या.

मग सगळे वेदर हाऊवर गेले. अर्धा मैल, हेदरमधून, वॉल्टरच्या चालीने. थर्झाच्या मेंढ्या वाटेतून बाजूला झाल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या, घरात शिरलेल्या परक्यांकडे बघावं तशा.

टेकाडाच्या पायथ्याशी थर्झा म्हणाली, "आधी आल्विन."

"मी पंच नाही."

"म्हणूनच."

आल्विन उभा राहिला. तो खोटं बोलू शकला असता. वर एका वेळी एकच माणूस जायचा होता, आणि उताणं पडलेल्या माणसाला काय दिसतं ते त्यालाच ठाऊक. आणि पुढचे पंच त्यानंतर बघणारच होते, पण पहिल्याने नाही म्हटलं की पुढच्यांचे डोळे निम्मे मिटतात, हे चिटणीस असल्यामुळे त्याला चांगलं माहीत होतं. तो वर गेला. जाकीट अंथरलं. बसक्या दगडावर खांदे टेकले, डोकं मागे सोडलं, आणि बराच वेळ हलला नाही. त्याची टोपी घरंगळत खाली आली. थर्झाने ती उचलून झटकली.

"आल्विन? झोपलास का?"

"जहाज आहे," वरून आवाज आला. "एक जहाज आहे. उलटं."

तो उतरून आला तेव्हा त्याचं तोंड लाल झालं होतं. उलटं पडल्याने म्हणा. थर्झाने टोपी त्याच्या हातात दिली आणि काही बोलली नाही. न बोलण्याचीही तिची एक पद्धत होती, आणि ती बोलण्याहून बरी असे.

उरलेले तेराही जण पाहून आले. वॉल्टरने खाली उतरून कोटाला लागलेला हेदर झटकला. "पोराला अर्धा मैल पुढे नेऊन कुणी उगीच दुसऱ्यांदा आपटत नाही," तो म्हणाला. "पहिलं चुकलं असेल तरच. आणि पाव जिथे दिला तिथे हद्द. वेदर हाऊ. कुणाला काही म्हणायचंय?"

कुणाला नव्हतं. थर्झाने एकदाच मोठा श्वास सोडला; मिस लॅथमना वाटलं तिला धाप लागली, आणि त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

मिस हेस्लपनी दगडाच्या आडोशाला बसून वही गुडघ्यावर घेतली. थर्मासमधला चहा फिरला, आल्याचा केक फिरला. निकाल लिहून झाला. कारण लिहायचं राहिलं.

"धुकं होतं, एवढंच लिहा," आल्विन हळूच म्हणाला. आता तो चिटणीस नव्हता, नातू होता. "थर्झा, पट्टा तुझा. योजनेचा नकाशा मी बदलून आणतो, तुझ्या दारात. पण वाट चुकले असं कोर्टाच्या वहीत नको. आजोबांना खोऱ्यात मान होता."

"माझ्या बापालाही होता."

"म्हणून तर म्हणतोय."

वॉल्टरने थर्झाकडे पाहिलं. त्याचा काकाही त्या रांगेत होता, आणि धुकं होतं एवढंच लिहिलं असतं तर त्यालाही चाललं असतं.

"रूबेनने नुसतं धुकं लिहिलं," थर्झा म्हणाली, "त्याला साठ वर्षं झाली, आणि आज तेरा म्हातारे लेंड्यांत लोळले. यापुढचा वाद होईल तेव्हा यांतला एकही जिवंत नसेल. सगळं लिहा, मिस हेस्लप. धुक्यात वाट चुकले, चुकीच्या हाऊवर टेकवलं, मग बरोबर. नावांसकट."

"कोणतं नाव आधी?" मिस हेस्लपनी विचारलं. "मेड की वेलबर्न?"

आल्विन खाली बघत केक खात होता.

"वेलबर्न," थर्झा म्हणाली. "पुढे तोच चालत होता."

मिस हेस्लपनी लिहिलं. थर्झाने वही हातात घेऊन ओळ शेवटपर्यंत वाचली, जॅबेझमधला झ नीट आलाय ना ते पाहिलं, आणि खाली सही केली. मग चहाचा पेला उलटा करून झटकला, कुत्र्याला शीळ घातली आणि पट्ट्याकडे उतरली. पुढच्या आठवड्यात कळपात नर मेंढे सोडायचे होते, आणि त्याआधी एकशे चाळीस माद्यांचे खूर बघायचे होते.